सावलीचा पाठ

गेल्या काही वर्षांत आपल्या नागपुरास शाळा अकस्मात बंद ठेवण्याचे प्रसंग वरचेवर पाहावे लागले आहेत. २०२० च्या मार्चात करोनाची साथ आली आणि शाळांस जे कुलूप लागले ते कित्येक महिने निघाले नाही. पुढे २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटेच्या अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि त्या दिवशी शाळांस सुट्टी द्यावी लागली. आमच्या उन्हाळ्याचे तर सांगावयासच नको. असे दिवस पुन्हा येणारच. तेव्हा शाळा बंद असता सहावी ते आठवीच्या मुलांनी घरी एक दिवस कसा घालवावा, अशी पृच्छा आमच्या एका सहकाऱ्यांनी केली. तिला उत्तर म्हणून २२ सप्टेंबर २०२० ह्या दिवशी सातवीच्या वर्गास मी जो अभ्यास नेमून दिला होता त्याची हकीकत येथे सादर करतो. तीत माझी एक चूकही आहे. ती वगळली असती तर लेख अधिक शोभिवंत झाला असता; परंतु पाठ अपुरा राहिला असता.

प्रथम थोडा हिशेब. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांस वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास शिकविले पाहिजे. भागाकार करून पाहा: रोजचे सुमारे साडेचार तास होतात. उलटपक्षी, केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाची जी मार्गदर्शिका काढली, तीत आठवीपर्यंतच्या मुलांस दिवसातून फार तर दोन वेळा, प्रत्येकी तीस ते पंचेचाळीस मिनिटे, ऑनलाईन शिकवावे असे सांगितले होते. म्हणजे पडद्यापुढे फार तर दीड तास. उरलेल्या तीन तासांचे काय? त्या दिवसांत आम्हां शिक्षकांची सारी शक्ती त्या दीड तासावर खर्च होई: आवाज येतो की नाही, चित्र दिसते की नाही, कोण हजर, कोण गैरहजर. उरलेले तीन तास आम्ही ‘गृहपाठ’ ह्या एका शब्दाखाली गुंडाळून ठेवीत असू. वास्तविक घरच्या शाळेचा मोठा भाग तोच होता.

दूर बसून शिकण्याची ही रीत काही करोनाने प्रथम काढली असे नाही. १९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरी बालपक्षाघाताची साथ आली असता शाळा उघडणे लांबले. तेव्हा तेथील तिसरी ते आठवीच्या मुलांस आकाशवाणीवरून पाठ देण्यात आले, आणि कोणता पाठ किती वाजता आहे हे वर्तमानपत्रांत छापून येई. ती मुले तीन लाखांवर होती. आमच्याकडेही २०२० मध्ये, १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीने ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम लहान मुलांसाठी लावला, आणि सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका झाली. ज्या घरी मोबाईल एकच, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्या घरी रेडिओचा मोठाच आधार होता. तथापि रेडिओ बोलतो, ऐकत नाही. मुलाने काय पाहिले, काय केले, हे त्यास कळावयाचे नाही. म्हणून मला असे काही हवे होते की जे करावयास मोबाईल लागू नये, पैसा लागू नये, आणि जे प्रत्येक घरी निरनिराळे निघावे, जेणेकरून एकाचे उत्तर दुसऱ्याने उतरवून घेण्यात अर्थच राहू नये.

असे एकच वस्तुजात मला सुचले. ते म्हणजे सावली.

सप्टेंबरची २२ वा २३ तारीख हा विषुवदिन असतो. ह्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर माथ्यावर येतो, आणि म्हणून भर मध्यान्ही तो आपल्या डोक्यावरून जितके अंश दक्षिणेस कललेला दिसतो, तितकाच आपल्या गावाचा अक्षांश. नागपूरचा अक्षांश एकवीस अंशांहून किंचित अधिक आहे. सबब एक मीटर उंचीची काठी उभी केली तर त्या दिवशी मध्यान्ही तिची सावली साडेअडतीस सेंटिमीटरांच्या आसपास पडली पाहिजे. (हा आकडा मुलांस आधी सांगू नये. मी सांगितला नव्हता. सांगितला असता तर सर्वांच्या वह्यांत तोच उगवला असता.)

आता साहित्य. झाडूचा दांडा किंवा कोणतीही सरळ काठी, जमिनीपासून बरोबर शंभर सेंटिमीटर वर राहील अशी. ती ओल्या मातीने भरलेल्या डब्यात रोवावी. परंतु डब्यात रोवल्यास उंची मोजावयाची ती फरशीपासून, मातीपासून नव्हे. दोऱ्यास खडा बांधून ओळंबा करावा आणि काठी दोन बाजूंनी ताडून पाहावी. जमीन सपाट हवी. ताटलीत पाणी घालून ठेवले म्हणजे उतार लगेच कळतो. खडू नसेल तर कोळसा चालेल. आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे प्रत्येक वेळी बजावावे.

सकाळी घरोघर प्रार्थना व न्याहारी आटोपल्यावर साडेनऊ वाजता आमचा पहिला ऑनलाईन वर्ग भरला. तीत मी एराटोस्थेनिसाची गोष्ट सांगितली. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात मिसर देशातील अलेक्झांड्रिया येथे तो ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेकडील सायीनी गावी वर्षातील एका दिवशी मध्यान्ही सूर्य थेट विहिरीत उतरतो, पण त्याच दिवशी अलेक्झांड्रियात सावली पडते, एवढ्याच गोष्टीवरून त्याने सगळ्या पृथ्वीचा घेर काढला. दोन ठिकाणच्या सूर्याच्या कलण्यात वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाचा फरक होता. म्हणून दोन गावांमधील अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा परीघ. मोठेसे यंत्र नाही, प्रवास नाही. दोन गावे आणि एक सावली. आपल्या पवित्र शास्त्रातही हिज्कीया राजाच्या दुखण्याच्या प्रसंगी आहाजाच्या छायायंत्राचा उल्लेख येतो, तो कित्येकांनी आपण होऊन सांगितला, ह्याचा मला संतोष वाटला.

गोष्ट ऐकून एका मुलाने विचारले, “सर, पण दुसरे गाव आपण कोठून आणायचे?”

आणि येथेच आमच्या विपत्तीचे सोने झाले. शाळा भरत असती तर आमचा सगळा वर्ग एका आवारात उभा राहिला असता, आणि चाळीस काठ्यांनी एकच सावली मोजली असती. पण त्या वर्षी वर्ग विखुरला होता. एक मुलगा मार्चात मामाकडे हैदराबादेस गेला तो तेथेच अडकून पडला होता. एक मुलगी जबलपुरास आजीजवळ होती. नकाशा उघडून पाहा: जबलपूर, नागपूर, हैदराबाद ही तिन्ही शहरे जवळजवळ एका उभ्या रेषेत आहेत. ह्याच पट्ट्यातून गेल्याहून गेल्या शतकात भारताच्या भूमापनाची थोर रेषा दक्षिणेकडून उत्तरेस ओढली जात होती. १८०२ साली मद्रासेस ते काम आरंभणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादेकडून नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले; त्यांचे थडगे तेथेच आहे. झिरो माईलजवळून आपण रोज जातो, परंतु तेथील खुणेच्या दगडावर १९०७ हे साल आहे व तो समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याच्या कामातला आहे, हे किती जणांनी वाचले असेल? असो.

मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत, हे मुलांस समजावून द्यावे लागते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाप्रमाणे चालते. नागपूर त्याच्या पश्चिमेस असल्याने आपला सूर्य मागे असतो. त्या दिवशी आपली खरी मध्यान्ह बारा वाजून सहा मिनिटांच्या सुमारास होती. परंतु हा आकडा नसला तरी अडत नाही. अकरापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करीत जावे. जी सावली सर्वांत आखूड, ती मध्यान्हीची. मी कार्यपत्रिकेत हेच लिहिले होते. ऑनलाईन वर्गात मात्र वेळ थोडा उरल्यामुळे “बारा वाजून सहा मिनिटांनी मोजा म्हणजे झाले” असे सांगून मोकळा झालो. ह्या आळसाचे फळ पुढे येईलच.

दुपारी ज्यास जसे जमेल तसे दोन उद्योग करावयाचे होते. पहिला चित्राचा: काठीसाठी दहा सेंटिमीटर उभी रेघ, सावलीसाठी त्याच प्रमाणात आडवी रेघ, दोन्ही टोके जोडून माथ्याचा कोन कोनमापकाने मोजावयाचा. सातवीच्या मुलास एवढे येते. त्रिकोणमिती लागत नाही. दुसरा भाषेचा: घरातील वडीलधाऱ्यांस विचारावयाचे की घड्याळ नव्हते तेव्हा वेळ कशी सांगत. ह्या दुसऱ्या उद्योगाने माझी झोळी भरली. तांबडे फुटणे, झुंजूमुंजू होणे, दिवस कासराभर वर येणे, दिवस माथ्यावर येणे, दिवस कलणे, गुरे परतण्याची वेळ, दिवेलागण, तिन्हीसांजा. एका आजोबांनी नातवास सांगितले की पायाशी सावली आली की शेतातली न्याहारी नव्हे, जेवण. कासरा म्हणजे बैलास बांधावयाची दोरी, हे वर्गातल्या बहुतेक मुलांस त्या दिवशी प्रथम कळले. क्षितिजापासून सूर्य एका दोरीभर वर, हेही मोजमापच नव्हे काय?

सायंकाळी पाच वाजता दुसरा वर्ग भरला. नागपूरच्या मुलांचे आकडे सदतीसपासून एकेचाळीसपर्यंत पसरले होते. कोणाची काठी कललेली, कोणाच्या गच्चीला उतार, कोणाच्या सावलीवर नेमका ढग, तर एकाने बारा सहाऐवजी साडेबारास मोजलेले. सर्वांची सरासरी काढली तेव्हा एकोणचाळीस भरली; चित्रावरून कोन एकवीस अंश. हैदराबादची सावली एकतीस, कोन सतरा अंश. जबलपूरची त्रेचाळीस, कोन तेवीस अंश. नकाशाच्या प्रमाणावरून मुलांनी जबलपूर ते नागपूर दक्षिणोत्तर अंतर सुमारे २२० किलोमीटर आणि जबलपूर ते हैदराबाद सुमारे ६४० किलोमीटर काढून ठेवले होते.

मग हिशेब. जबलपूर व नागपूर ह्यांत दोन अंशांचा फरक. दोन अंश म्हणजे वर्तुळाचा एकशेऐंशीवा भाग. २२० गुणिले १८० म्हणजे ३९,६०० किलोमीटर. जबलपूर व हैदराबाद ह्यांत सहा अंश. ६४० गुणिले ६० म्हणजे ३८,४०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे असे मी सांगताच पहिल्या उत्तराचा जयजयकार झाला. घरोघरच्या मोबाईलांतून एकदम उठलेला तो गलका मला अजून आठवतो. सहा महिन्यांत वर्गाचा असा आवाज ऐकला नव्हता.

परंतु शिक्षकाने येथे थांबता कामा नये. कोनमापकावर अर्धा अंश इकडे की तिकडे हे डोळ्यास नीट दिसत नाही. मी विचारले, तुमचा फरक दोनऐवजी दीड अंश असता तर? उत्तर आले ५२,८००. अडीच असता तर? ३१,६८०. मुले गप्प झाली. सहा अंशांच्या हिशेबात तेच करून पाहिले: साडेपाचास सुमारे ४१,९००, साडेसहास सुमारे ३५,४००. म्हणजे जे उत्तर सत्याच्या अधिक जवळ आले तेच कमी भरवशाचे होते. ते नशिबाने जुळले होते. दोन गावे जितकी दूर, तितका कोनमापकाच्या चुकीचा परिणाम थोडा. बरोबर उत्तर आणि विश्वासार्ह रीत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सातवीतल्या मुलास समजते. मात्र त्यासाठी त्याच्या स्वतःच्या हातचा आकडा पाहिजे. फळ्यावरच्या आकड्याने ते समजत नाही.

वर्ग संपला. मी हजेरीपट भरला. चार मुले दोन्ही वेळा दिसली नव्हती. त्यांच्या नावांपुढे गैरहजर लिहिले आणि समाधानाने निजलो.

त्या काळी शालेय पोषण आहाराचे तांदूळ व डाळी पालकांस शाळेतून देण्यात येत, आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशांसाठी आम्ही त्याबरोबर कार्यपत्रिका देत असू. तीन दिवसांनी अशाच वाटपाच्या वेळी एक बाई रांगेतून पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाल्या, “सर, माही पोरगी दोन घंटे त्या काठीपाशी बसून होती. पाणी प्यायले उठली नाही. तिची मैत्रीण सांगते का तुम्ही तिले गैरहजर लावलं. काहून?”

ह्या ‘काहून’ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कागद उलगडला. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे पेन्सिलीने तेरा ठिपके काढले होते, अकरापासून एकपर्यंत, प्रत्येकापुढे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आणि सावलीची लांबी. सर्वांत आखूड साडेअडतीस. सबंध वर्गात तेवढा बिनचूक आकडा दुसरा नव्हता, कारण पडद्यापुढे बसलेल्यांस मी आयती वेळ देऊन टाकली होती, आणि हिच्यापाशी केवळ कार्यपत्रिका असल्याने हिने ती शब्दशः पाळली होती. पण खरी गोष्ट कागदाच्या तळाशी होती. तेथे लिहिले होते: “सर, सगळे ठिपके पट्टी ठेवल्यासारखे सरळ रेषेत आले. सूर्य तर गोल फिरतो. मग सावलीचे टोक सरळ का गेले? माझे चुकले का?”

तिचे चुकले नव्हते. एकदा सावली मोजून मोकळे झालेल्या कोणासही ही रेषा दिसणे शक्य नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर मीही तो प्रश्न पाठात योजिला नव्हता. तिला पत्राने जे उत्तर पाठविले ते असे. काठीच्या टोकावरून दिवसभरात येणारे सर्व किरण डोळ्यांपुढे आण. विषुवदिनी सूर्य आकाशाचे बरोबर दोन अर्ध करीत जातो, आणि काठीचे टोक त्या वर्तुळाच्या मध्यावर असते. म्हणून ते सगळे किरण मिळून एका सपाट, तिरप्या पत्र्यासारखे होतात, घराच्या छपराच्या पत्र्यासारखे. पत्रा जमिनीस टेकला म्हणजे त्याची कड सरळ रेषेतच टेकणार. इतर दिवशी सूर्य त्या मधल्या वर्तुळाच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस असतो. तेव्हा तेच किरण नरसाळ्याच्या आकाराचे होतात, आणि नरसाळ्याची बाजू जमिनीस जेथे छेदते तेथे वाकडी रेघ उमटते. शिवाय तुझी ती रेषा बरोबर पूर्व–पश्चिम आहे. काठीपासून तिच्यावर लंब काढ. तो शुद्ध उत्तर दाखवील. होकायंत्र घेण्याचे कारण नाही.

हजेरीपटातील नोंद मी लाल शाईने दुरुस्त केली आणि बाजूस सही केली. राहिलेल्या तिघांच्या घरी निरोप पाठविला. दोघांनी काठी उभी केली होती. एकाने फरशीवरच खुणा केल्या होत्या आणि त्या पुसल्या गेल्या होत्या. तिसरा बापाबरोबर कामावर गेला होता. त्यानंतर मी हजेरी घेण्याची रीत बदलली. वर्गात दिसला की नाही हे न लिहिता, आठवड्याच्या अखेरीस त्याच्या हातचे काम आले की नाही हे लिहू लागलो. ही रीत काही सर्वांस पटली नाही. नियमास धरून होती असेही मी म्हणत नाही.

जे शिक्षक हा पाठ घेतील त्यांस आणखी एक सूचना. पावसाळा सरला नसल्याने सप्टेंबरात ऊन मिळेलच असे नाही. २०२३ चा विषुवदिन तर तो पुराचाच दिवस होता. अशा वेळी दुसऱ्या दिवशी मोजले तरी चालते, मात्र सर्व गावांनी एकाच दिवशी मोजावे, कारण ह्या दिवसांत सूर्य रोज सुमारे चार दशांश अंश दक्षिणेस सरकत असतो. २६ मेच्या सुमारास नागपुरात मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली नाहीशीच होते. जुलैच्या १७ तारखेच्या सुमारास पुन्हा होते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. हिवाळ्याच्या सर्वांत लहान दिवशी मात्र आकाश स्वच्छ मिळण्याचा संभव मोठा, आणि त्या दिवशी नागपूरची मध्यान्हीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते.

हे शेवटले मी त्या मुलीस कळविले नव्हते. केवळ एवढेच लिहिले होते की २१ डिसेंबरास पुन्हा काठी लाव, आणि रेषा कोणत्या बाजूस वाकते ते आधी ओळखून ठेव. डिसेंबरच्या वाटपास तिची आई आली तेव्हा कागद दोन होते. पहिल्यावर तारीख २० घातलेली आणि एकच वाक्य: “टोके काठीपासून दूर, उत्तरेकडे वाकतील.” दुसऱ्यावर तेरा ठिपके, तशीच उत्तरेकडे वाकलेली रेघ, आणि मधल्या ठिपक्यापुढे साडेअठ्ठ्याण्णव.